कूलर बंद करून झोपणारी मुलगी

ताई,
माझं वय २२. बी.कॉम. झालं, आता बँकेच्या परीक्षांची तयारी करते. आम्ही नंदनवनला राहतो. मी लहान असताना बाबा फार प्यायचे. रात्री फाटकाची कडी वाजली की मी भावाला उठवून गच्चीवर न्यायची. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आईला मार पडायचा, कधी मलाही. उन्हाळ्यात जास्त भीती वाटायची, कारण कूलरच्या आवाजात कडी ऐकू यायची नाही. म्हणून मी हळूच उठून कूलर बंद करायची, मग सगळे घामानं जागे व्हायचे आणि मलाच बोलायचे. कारण मी कधी कोणाला सांगितलं नाही.

चार वर्षांपूर्वी बाबा काविळीतून कसेबसे वाचले. तेव्हापासून थेंब घेतला नाही. आता सकाळचा चहा तेच करतात, माझा कप अभ्यासाच्या टेबलावर आणून ठेवतात. घरात आता काहीच त्रास नाही आणि मला नेमका आत्ता त्रास सुरू झाला. अभ्यासिकेत बसल्या बसल्या छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता मरते असं वाटतं. ईसीजी नॉर्मल आला. रात्री अडीचला जाग येते. दोन महिन्यांपासून कशातच मन लागत नाही, कधी वाटतं सकाळी उठूच नये. मोबाईलवर लहानपणाबद्दलची दहा प्रश्नांची चाचणी सोडवली, त्यात सहा आले. खाली लिहिलं होतं की सहा किंवा जास्त असले तर आयुष्य वीस वर्षांनी कमी होतं. आई म्हणते, 'झालं गेलं, आता कायले उकरून राहिली?' भाऊ तर मस्त आहे. मग मीच कमजोर आहे का? आणि हे सगळं आता ठरलंच आहे का?
— अ., नागपूर

प्रिय अ.,

तुझ्या पत्रातलं एक लहानसं वाक्य आधी घेते. 'कधी वाटतं सकाळी उठूच नये.' असं वाक्य लोक नेहमी पत्राच्या मधेच कुठंतरी लिहितात, मागेपुढे ईसीजी, अभ्यास, आई असं बरंच काही ठेवून. वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटलं तर सुटलं, असा तो प्रकार असतो. माझ्या नजरेतून सुटलेलं नाही, म्हणून सरळ विचारते आणि तूही स्वतःला सरळ उत्तर दे. हे नुसतं थकल्याचं 'उठूच नये' आहे, की त्याच्याबरोबर 'कसं' आणि 'कधी' हेही डोक्यात येतं? पहिलं असेल तरी ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगायचं आहे. दुसरं एकदाही आलं असेल तर त्या रात्री एकटी राहू नकोस, घरातल्या किंवा मैत्रिणींपैकी एकीला स्पष्ट सांग आणि १४४१६ लाव. हा टेली-मानस या मानसिक मदतीच्या सेवेचा सरकारी नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. 'पोलिसांची भानगड होईल' ही भीती अजून पुष्कळांच्या मनात असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ते चित्र बदललं. कोणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर ती व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं कायदा धरून चालतो, आणि तिची काळजी घेणं सरकारचं काम ठरवतो. तुझी वेळ तिथवर आलेली नाही असं पत्रावरून वाटतं, पण पत्रावरून मला सगळं दिसत नाही.

आता ते सहा.

ती दहा प्रश्नांची चाचणी कुठून आली ते ऐक, म्हणजे तिचं काय करायचं ते तुलाच कळेल. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिट्टी नावाचे डॉक्टर १९८० च्या दशकात लठ्ठपणावर उपचार करायचे. त्यांना एक कोडं पडलं. ज्यांचं वजन छान उतरत होतं, तीच माणसं मधेच उपचार सोडून निघून जात होती. त्यांच्याशी बोलताना त्यातल्या बऱ्याच जणांच्या लहानपणी अत्याचार झाल्याचं पुढे आलं. मग तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रातले रॉबर्ट अँडा त्यांना येऊन मिळाले. दोघांनी मिळून सतरा हजारांहून जास्त प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं आणि त्यांच्या आजारांशी ते ताडून पाहिलं. पहिला लेख १९९८ साली आला. शिवीगाळ, मार, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरात दारू, आईला होणारी मारहाण, घरात कोणी तुरुंगात जाणं, मनाचा आजार असणं, असे दहा प्रकार; प्रत्येक 'हो'ला एक गुण. चार किंवा जास्त गुण असलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी पटींनी जास्त निघाले. नंतर अनेक देशांत असे अभ्यास झाले आणि चिंता-नैराश्याशी असलेलं हे नातं पुन्हा पुन्हा दिसलं. हे खरं आहे, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी ते खोटं पाडणार नाही.

पण ते नातं गर्दीचं आहे. हवामान खातं सांगतं, नवतप्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जाईल. ते बरोबर निघतं, मेडिकलमध्ये उन्हाचे पेशंटही वाढतात. त्यावरून तुला ऊन लागेल की नाही हे सांगता येईल का? तू दुपट्टा बांधला होता का, पन्हं पिऊन निघाली होतीस का, की बर्डीवर भर दुपारी तासभर ऑटोची वाट पाहत उभी होतीस, यावर ते आहे. (खिशात कांदा ठेवल्यानं काही होतं का, हा वाद आज नको.) न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांना संशोधक आजतागायत भेटत आले आहेत. त्यांच्या आणि ब्रिटनमधल्या जुळ्या मुलांच्या माहितीवर संशोधकांनी हेच तपासलं. जास्त गुणांच्या गटात आजार जास्त, हे दिसलं. मात्र एकेका माणसाचे गुण पाहून तो आजारी पडेल का, हे सांगायला ती चाचणी फार कुचकामी निघाली. खुद्द अँडांनी २०२० साली लिहिलं की हे गुण एकेका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नका. ज्यानं फूटपट्टी बनवली तोच सांगतो आहे की हिनं ताप मोजू नका. पण ते लेखाच्या पानात राहतं आणि मोबाईलवर फिरते ती फूटपट्टी.

त्या वीस वर्षांचंही ऐक. मूळ आकडा असा आहे: त्या सतरा हजारांपैकी जे पुढच्या काही वर्षांत वारले, फक्त त्यांच्याच मृत्यूच्या वयाची ती सरासरी आहे. सहा किंवा जास्त गुणवाले सरासरी साठीच्या आसपास गेले, शून्य गुणवाले ऐंशीच्या आसपास. जे जिवंत होते, आणि तेच बहुसंख्य होते, ते या सरासरीत नाहीतच. त्यातून 'तुझी वीस वर्षं गेली' असा अर्थ काढणं म्हणजे स्मशानघाटावर उभं राहून गावाचं वय मोजणं. तू घाबरलीस यात तुझी चूक नाही. तो मजकूर लिहिणाऱ्यानं रात्री अडीचला जाग्या असलेल्या मुलीचा विचार केला नव्हता.

शिवाय चाचणी विचारत काय नाही ते बघ. हे किती वर्षं चाललं? वय काय होतं? थांबलं कधी? शाळेत छडी बसली का, जातीवरून कोणी बोललं का, कर्जापायी घरातलं माणूस गेलं का? यातलं काहीच त्या दहात नाही. आणि तुझ्या बाजूनं कोण होतं हा प्रश्न तर नाहीच. वहीत नुसतं नावेचं पान आहे, जमेचं नाही. त्या पानाकडे मी नंतर येते, कारण तुझ्या भावाचं उत्तर तिथे आहे.

आधी कूलर.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा कूलरपाशी थांबले. बाहेर रात्रीही झळा, सगळं घर कूलरसमोर आडवं आणि दहा वर्षांची मुलगी उठून बटण बंद करते, कारण तिला कडी ऐकायची आहे. घराला चौकीदार नव्हता, ती जागा तू घेतलीस आणि कोणाला सांगितलंही नाहीस. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका ओळखून अंगात घंटा वाजवणं हे त्याचं काम. घंटा वाजली की अॅड्रेनॅलिन सुटतं, पाठोपाठ कॉर्टिसोल, दोन्ही तणावाची संप्रेरकं. छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, हातपाय गार पडतात. पळण्याची तयारी आहे ती. साधारण घरात ही घंटा अधूनमधून वाजते आणि मोठं कोणीतरी जवळ घेऊन ती बंद करतं. तुझ्या घरात ती रोज वाजायची, आणि बंद करणारं माणूसच कधी मार खात असायचं, कधी मारत. असं वर्षानुवर्षं झालं की घंटा हलकी होते, वाऱ्यानंही वाजते. कॉर्टिसोलचं चढणं-उतरणं बिघडतं, झोप तुटते. आणि 'थांब, काही नाही झालेलं' असं म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत पिकतच असतो.

एक प्रयोग मला फार आवडतो. मुलांना चेहऱ्यांचे धूसर फोटो दाखवले आणि हळूहळू स्पष्ट करत नेले. ज्यांनी घरी मार खाल्लेला होता त्या मुलांनी रागीट चेहरा इतरांच्या आधी ओळखला, फोटो अजून धूसर असतानाच. इतर भावनांमध्ये त्यांचा असा वेग नव्हता. याला कमजोरी म्हणशील का? त्या घरात हे यायलाच हवं होतं. अडचण एवढीच की घर बदललं तरी ती नजर आणि तो कान सुट्टीवर जात नाहीत.

'नेमका आत्ता का?' हे तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या 'नेमका आत्ता'त तो प्रश्न आहेच. एक म्हणजे वय. मनाचे जे आजार आयुष्यात होतात, त्यातले निम्मे चौदा वर्षांच्या आत आणि पाऊण चोविशीच्या आत सुरू झालेले असतात. म्हणजे बावीस हे वय वेगळं नाही. दुसरं म्हणजे धोका चालू असताना कोसळायला सवड नसते. बाबा सावरले, कडी नीट वाजायला लागली आणि आता कुठे शरीराला हिशोब मांडायला वेळ मिळाला. तिसरी गोष्ट माझा अंदाज आहे, तपासून बघ. अभ्यासिकेत काय असतं? शांतता. मधेच दार करकरतं, कोणीतरी आत येतं. तुझ्या लहानपणी शांततेनंतर काय यायचं? आणि ज्या परीक्षेचा निकाल आपल्या हातात नाही तिची वाट पाहत बसणं, हेही त्या वाट पाहण्यासारखंच आहे. छाती कशाला घाबरते हे तुला कळत नाही, पण छातीला बहुतेक कळतं.

धडधड ही चिंतेची बाजू. मन न लागणं, उठूच नये वाटणं, ती नैराश्याची, आणि तिचं मूळ जरा वेगळ्या जागी असतं. लहान मूल घरातल्या भांडणाचं कारण स्वतःत शोधतं. ज्यांच्या हातचं जेवायचं त्यांना दोष देणं त्याला परवडत नाही, म्हणून दोष स्वतःकडे घेतं: आज मी जागी असते तर आईला लागलं नसतं, मी पहिली आले असते तर ते प्याले नसते. असं हजारदा झालं की दोन गोष्टी मनात घट्ट बसतात, 'माझ्यामुळे झालं' आणि 'माझ्यानं काही होत नाही'. मोठेपणी परीक्षेत दोन मार्क कमी पडले की हीच दोन वाक्यं जुन्या आवाजात ऐकू येतात. यात आनुवंशिकता असते, थायरॉइड असतो, रक्त कमी असणं असतं. सगळंच लहानपणावर ढकलता येत नाही, आणि हल्लीच्या रीलमध्ये प्रत्येक गोष्टीला ट्रॉमा म्हणतात तेही मला पटत नाही. स्वभावातला प्रत्येक कंगोरा ही जखम नसते.

आणि भारतात हे एकट्या तुझ्या घरात घडलेलं नाही. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांत बारा हजारांहून जास्त मुलांना विचारलं, तेव्हा तीनातल्या दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. तीनात दोन. पुढे त्या सगळ्यांना नैराश्य येतं का? नाही. मग फरक कशानं पडतो?

हवाई बेटांतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या मागे एमी वर्नर या बाई चाळीस वर्षं राहिल्या. जवळपास तिसरा हिस्सा मुलं कठीण घरांतली होती, गरिबी, व्यसन, भांडणं, आजार. त्यातलीही साधारण तिसरा हिस्सा मुलं नीट, मायाळू, कामसू माणसं झाली. त्यांच्यात जे समान सापडलं त्यातली मोठी गोष्ट ही, की त्यांच्या आयुष्यात किमान एक भरवशाचं माणूस होतं. आजी, काका, शिक्षक, शेजारची बाई, मोठी बहीण.

आता तुझा भाऊ मस्त का आहे ते बघ. कडी वाजली की कोणीतरी त्याला उठवून गच्चीवर नेत होतं. तू सात वर्षांची होतीस तेव्हा तो दोनचा होता. एकाच घरात वाढलात, पण घर एकच नव्हतं. त्याच्या घरात तू होतीस आणि तुझ्या घरात तू नव्हतीस. तेव्हा तुलना करायचीच असेल तर ही गोष्ट धरून कर. (आणि 'मस्त' हा शब्द जरा तपासून घे. सतरा वर्षांच्या मुलांचं नैराश्य कित्येकदा रडण्याऐवजी चिडचिडीतून आणि मोबाईलमध्ये तोंड घालण्यातून दिसतं. असेलच असं नाही, एकदा विचार मात्र.)

जमेचं पान तुझंही आहे. कोण होतं? एखादी मावशी, वर्गातली एखादी बाई, मागच्या गल्लीतल्या काकू, ज्या काही न विचारता सांबारवडीची ताटली पुढे करायच्या? नावं लिहून काढ. हा मन रमवायचा खेळ नाही, डॉक्टर किंवा समुपदेशक हे विचारणारच आहेत.

आईचं 'कायले उकरून राहिली' मला समजतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपण सगळे रस्त्यावर उभे राहून ओरडतो, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत', आणि मारबतीचा पुतळा जाळून घरी येतो. दरवर्षी काढावी लागते, यावरूनच काय ते समज. आईचंही तेच आहे. तो मार तिनं खाल्लेला आहे. तू बोललीस की तिला दोन गोष्टी ऐकू येतात: एक तिचं स्वतःचं दुखणं, दुसरी 'तू मला वाचवलं नाहीस' ही तक्रार, तू केलेली नसतानाही. तिच्याशी लहानपणावर बोलायची आज गरज नाही. 'आई, मला झोप येत नाही, छाती धडधडते, डॉक्टरला दाखवायचं आहे' एवढं पुरे. उकरणं नको असलेल्या आया औषधपाण्याला नाही म्हणत नाहीत.

आताच्या बाबांबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, चहाचं. मला वाटतं सगळ्यात अवघड तेच आहे. वाईट वागणारा बाप वाईटच राहिला असता तर रागाला जागा होती. हा माणूस आता कप आणून ठेवतो, आणि तुला राग येतो, मग राग आल्याची लाज वाटते. लोक तुला सांगतील, माफ करून टाक, मन हलकं होईल. हा सल्ला मला खटकतो. माफी ही काही गोळी नाही, जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यायला. चहा पी. तो चहा खरा आहे, आणि त्या रात्रीही खऱ्या होत्या. एक कबूल केलं म्हणून दुसरं खोटं पडत नाही. त्यांच्याशी कधी बोलायचं, बोलायचं की नाही, हे बरं वाटायला लागल्यावर ठरव. आत्ता या अवस्थेत नको.

आता करायचं काय. मेडिकल किंवा मेयो, या दोन सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ पडेल तिथे सकाळी जाऊन केसपेपर काढ आणि मानसोपचार विभाग विचार. मिहानच्या एम्समध्येही हा विभाग आहे. मानकापूरकडच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. दीडशे वर्षांहून जुनं रुग्णालय आहे ते. पण अख्खं गाव तिथल्या चौकाला पागलखाना चौक म्हणतं, म्हणून चांगले शिकलेले लोकही तिथे उतरायला लाजतात. चौकाच्या नावापायी कोणाचे उपचार राहू नयेत, असं मला फार वाटतं. तुला तिथे जाणं जड जात असेल तर मेडिकलला जा, जिद्द करायची ही जागा नाही. तू सज्ञान आहेस, आईबाबांची सही लागत नाही. तू जे सांगशील ते गुप्त ठेवणं कायद्यानं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

जाताना अर्धा कागद लिहून ने, कारण खोलीत गेल्यावर 'तसं काही विशेष नाही' असं तोंडातून निघतं. धडधड कधीपासून, आठवड्यात किती वेळा, किती मिनिटं, झोप, भूक, मन न लागणं दोन महिन्यांपासून, आणि ते 'उठूच नये'. लहानपणाबद्दल एक ओळ: घरात दारू आणि मारहाण होती, आता नाही. बस. पुढचं तुझ्या गतीनं. हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला मी पहिल्याच बैठकीत सगळं बोलायला लावलं, मला वाटलं मोकळी होईल. ती तीन महिने परत आली नाही. आली तेव्हा म्हणाली, 'त्या रात्री मी पुन्हा तिथंच होते.' तेव्हापासून मी आधी जमीन घट्ट करते, मग पाय ठेवायला सांगते. कोणी पहिल्याच दिवशी सगळं ओकून टाकायचा आग्रह धरला तर 'आज एवढंच' म्हणायचा तुला हक्क आहे.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतील, करून घे. समुपदेशनात सीबीटी नावाची, विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायची पद्धत या त्रासावर चांगली तपासलेली आहे. साधारण आठ-दहा ते पंधरा-सोळा बैठका लागतात, मधल्या दिवसांत घरचा अभ्यास असतो. गोळ्या दिल्या तर घाबरू नकोस, पण माहिती ठेव. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, दोन दिवसांत काही होत नाही म्हणून लोक सोडून देतात. त्यांची नशेसारखी चटक लागत नाही, मात्र मनानं एकदम बंदही करायच्या नाहीत. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत कधी बेचैनी किंवा नको ते विचार वाढू शकतात. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना सांगायचं. आणि शेजारच्या काकूंना लागू पडलेली झोपेची गोळी मेडिकल स्टोअरमधून आणायची नाही. सवय लागते ती त्या गोळ्यांची.

अभ्यासिकेत धडधड आली तर ती दहाएक मिनिटांत शिगेला जाऊन उतरते, तू काहीही केलं नाहीस तरी. श्वास आत घेतलास त्यापेक्षा हळू बाहेर सोड, पाय जमिनीवर टेकव, समोरच्या भिंतीवरच्या पाच वस्तूंची नावं मनात घे. जमलं तर तिथेच बस. दरवेळी उठून घरी आलीस तर छाती शिकते की आपण पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर वाजते. जागा मात्र बदल. दार पाठीमागे येईल अशी खुर्ची घेऊ नकोस. दार दिसेल अशी घे. आणि रात्रीच्या अभ्यासाचा तिसरा चहा बंद.

आता राहिला कूलर. तू अजूनही बंद करून झोपतेस का, हे तू लिहिलेलं नाहीस. पण अडीचला येणारी ती जाग बघता मला वाटतं, करत असशील. समुपदेशकाशी बोलून हे कर. आधी दुपारी, सगळे जागे असताना, लो वर लाव आणि त्याच्यासमोर वीस मिनिटं पडून राहा. हात बटणाकडे जाईल. जाऊ दे, दाबू नकोस. भीती चढेल, थोडी थांबेल, मग उतरेल; किती वाजता चढली आणि किती वाजता उतरली ते वहीत लिही. चार-पाच दिवस तेच. मग संध्याकाळी. मग रात्री अर्धा तास, त्यानंतर पुढे. एखाद्या रात्री नाही जमलं तर बंद कर आणि झोप, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारपासून. पहिल्यांदा रात्रभर चालू राहील त्या दिवशी मला दोन ओळी लिही.

आणि कूलरमध्ये पाणी भरायचं काम आजपासून भावाला दे. सतरा वर्षांचा झाला आहे तो.

— ताई